देवळालीचा बेअरर आणि आमच्या रूमवरचं 'पानी'

आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं नाव इंग्रजी भाषेत वेडेपणाशी जोडलेलं आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ब्रिटिश सैनिक तिथल्या छावणीत महिनोन्महिने पडून असायचे. उकाडा, ताप, कंटाळा. त्यातून डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणायची पद्धत पडली.

याच देवळालीत बीबीसीने एक सिटकॉम रचली, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. १९७४ ते १९८१, आठ सीझन, आणि चित्रीकरण अर्थातच इंग्लंडमध्ये. दुसऱ्या महायुद्धाचे शेवटचे दिवस आणि सैनिकांचं मनोरंजन करणारी तोफखान्याची नाटकमंडळी, असा विषय. सहलेखक जिमी पेरी स्वतः तरुणपणी देवळालीच्या अशाच मंडळीत होता, म्हणजे त्याने ऐकीव गोष्टी लिहिलेल्या नाहीत. त्यात रंगी राम नावाचा एक बेअरर आहे. तो स्वतःला ब्रिटिशच समजतो आणि बाकीच्या हिंदी लोकांना तुच्छ लेखतो. हे काम केलं मायकेल बेट्सने. गोरा माणूस, चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेला.

आज बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवायचं टाळते. पहिल्यांदा क्लिप बघितली तेव्हा मलाही वाटलं, बरोबरच आहे. मग थोडी माहिती काढली आणि प्रकरण तितकं सोपं राहिलं नाही. बेट्सचा जन्म झाशीचा. युद्धात तो गुरख्यांबरोबर ब्रह्मदेशात होता आणि हिंदुस्थानी उत्तम बोलायचा. शिवाय रंगी रामचा विनोद नेमका कोणावर आहे? साहेबाची नक्कल करता करता साहेबच झालेल्या नोकरावर, की असा माणूस तयार करणाऱ्या साम्राज्यावर? पेरीने शेवटपर्यंत मालिकेची बाजू घेतली, आणि त्याचं त्या माणसांवर प्रेम नव्हतं असं मला वाटत नाही. फक्त त्या प्रेमात रंगी रामला काय वाटतं हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

'आमचा हेतू तसा नव्हता' हा बचाव सिटकॉमच्या इतिहासात सतत भेटतो. 'फॉल्टी टॉवर्स'मधला जर्मन पाहुण्यांचा एपिसोड १९७५चा. २०२०मध्ये एका स्ट्रीमिंग सेवेने तो काढला आणि गदारोळ झाल्यावर सूचना जोडून परत ठेवला. जॉन क्लीजचं म्हणणं होतं की त्यातला म्हातारा मेजर वंशद्वेषी बोलतो आणि आपण हसतो ते त्या मेजरला. मला हे पटतं. पण प्रेक्षक नेमकं कशाला हसतो हे लेखकाच्या हातात असतं का? अमेरिकेत १९७१ साली 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली. तिच्यातला आर्ची बंकर पूर्वग्रहांनी ठासून भरलेला, आणि त्याचं हसं व्हावं म्हणूनच लिहिलेला. १९७४मध्ये विडमार आणि रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते, त्यांना आर्ची आवडत होता आणि वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. एकच विनोद, एकच सोफा, आणि शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींना हसतायत.

त्यामुळे 'हल्ली लोक फार पटकन दुखावतात' हे वाक्य ऐकलं की मी जरा थबकतो. तेव्हा दुखावत नव्हते हे आपल्याला कुणी सांगितलं? त्यांच्या हातात फोन नव्हता, एवढं मात्र नक्की.

आता माझ्या रूमवर या. पुण्यात हॉस्टेलला चौघं राहायचो. आमच्यातला एक सिन्नरकडचा, देवळालीपासून फार लांब नाही. तो 'पानी' म्हणायचा, 'कोन' म्हणायचा, 'लोनी' म्हणायचा. रात्री लॅपटॉपवर 'माइंड युअर लँग्वेज' लावायचो आम्ही. १९७७ची ब्रिटिश मालिका, इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांचा वर्ग. शीख रणजीत, पाकिस्तानी अली, सगळ्यांचे उच्चार म्हणजेच विनोद. ती लोकप्रिय असतानाच वाहिनीचे मायकेल ग्रेड यांनी तिला वंशद्वेषी ठरवून १९७९मध्ये बंद केलं. म्हणजे चालतं-चालत नाहीचा वाद काल इन्स्टाग्रामवर जन्मलेला नाही. तिच्यावरूनच १९९३ला दूरदर्शनवर 'जबान संभालके' आली, तिच्या हिंदीच्या वर्गात विजू खोटेंचा मराठी विद्यार्थी होता. त्याला आम्ही मोकळेपणाने हसायचो, आपलाच माणूस म्हणून.

एपिसोड संपला की रूमवरचा कार्यक्रम सुरू. 'ए, जरा पानी दे की.' नक्कल मी करायचो. चांगली करायचो, उगाच कशाला नाकारू. आणि तोही हसायचा, कधी कधी सगळ्यात मोठ्याने. मी त्याच हसण्यावर विसंबून होतो. ज्याच्यावर विनोद आहे तोच हसतोय, मग अडचण कुठे आहे?

आज मला सगळ्यात जास्त याच युक्तिवादाची शंका येते. चार जणांच्या खोलीत तिघं हसत असताना चौथ्याने काय करायचं असतं? रुसला तर 'याला विनोदच कळत नाही.' हसला तर परवानगी. दुसऱ्या वर्षापर्यंत तो 'पाणी' म्हणायला लागला होता, इतकं जपून की कधी कधी जिथे 'न' हवा तिथेही 'ण' यायचा. मग आम्ही त्यालाही हसलो.

जुने एपिसोड पुसून टाकावेत असं मला तरी वाटत नाही. पुसले तर आपण कशाला हसत होतो याचा पुरावाच जाईल, आणि ते आपल्या फारच सोयीचं आहे. पण 'तो काळच तसा होता' म्हणून सोडून देणंही जमत नाही. आमच्या रूमचा काळ म्हणजे अवघी बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि जे आता कळतंय ते तेव्हा कळण्यासारखं नव्हतं असं काही नाही. नुसतं त्याच्याकडे बघायला हवं होतं.

मागच्या महिन्यात त्याला फोन केला. आडवळणाने विषय काढला, मग सरळच विचारलं, "तुला राग यायचा का रे?"

"राग नाही रे," तो म्हणाला. "मला पण हसू यायचं. तू भारी करायचास. फक्त आईचा फोन आला की मी गच्चीवर जायला लागलो होतो."

मला आठवलं. तो फोन घेऊन गच्चीवर जायचा आणि आम्ही म्हणायचो, गर्लफ्रेंड असणार.

मग त्याने ऑफिसचं सांगितलं, मुलीच्या शाळेचं सांगितलं. मी देवळालीच्या त्या मालिकेचं सांगितलं तर म्हणाला, "आमच्या देवळालीवर सिरीयल? लिंक टाक ना." टाकली. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. त्याने तीन एपिसोड बघितले होते. दोन ठिकाणी खूप हसलो म्हणाला. कुठल्या, ते त्याने लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.