फक्त दार उघडे असणे पुरेसे आहे का?

आरोग्य शिबिराच्या फलकावर लिहिलेले असते, ‘तपासणी सर्वांसाठी खुली’. ते खोटे नसते. परंतु व्हीलचेअरवरील भगिनीला उंच टेबलावर चढता येत नसेल, स्वमग्न तरुणाला गर्दी, झगझगीत दिवे आणि अनोळखी स्पर्श असह्य होत असेल, तर ती त्यांच्यासाठी खुली आहे का? कोणी अडवले नाही, एवढ्याने न्याय झाला का?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वयाच्या ३० वर्षांपासून तोंडाच्या आणि स्त्रियांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरिअलने केलेल्या अभ्यासात, व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा तपासणी हुकणे ही किरकोळ बाब नाही.

घरात आपण म्हणतो, “तिला आधीच इतका त्रास, आणखी कशाला?” या बोलण्यात माया असते. पण तिच्या वतीने आपणच नकार देऊन टाकतो, हेही खरे. ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्याचा आजार उशिरा ध्यानात येतो. त्याला तपासणीची गरज कमी कशी असेल?

मग धरून-बांधून तपासावे का? मुळीच नाही. सोय म्हणजे सक्ती नव्हे. काय होणार ते चित्रांतून आधी समजावणे, खोली व उपकरणे दाखवून आणणे, गर्दी नसलेली वेळ देणे, ‘थांबा’ म्हटल्यावर थांबणे, एवढ्याने पुष्कळ साधते. तोंडाची तपासणी खुर्चीत बसूनही होते. गर्भाशयमुखासाठी स्त्रीने स्वतःच नमुना घेण्याची एचपीव्ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आहे, मात्र ती अजून सर्वत्र मिळत नाही. एवढे करूनही ती व्यक्ती ‘नको’ म्हणाली, तर त्या शब्दाचा मान राखावा.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व खाजगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत अग्रक्रम सांगितला आहे. स्वमग्नताही त्या कायद्यात येते.

कफर्णहूमच्या त्या चौघांनी पक्षाघाती माणसाला दारातल्या गर्दीचे कारण सांगून परत नेले नाही. त्यांनी छप्पर उघडले. आपल्या धर्मग्रामात पुढचे शिबिर ठरेल तेव्हा तळमजल्याची खोली, एक बुटके टेबल आणि सकाळचा एक शांत तास राखून ठेवू या. आणि ज्यांच्यासाठी हे करायचे, त्यांना आधी विचारू या.