खिशातील पुडी आणि मनाचा निश्चय



प्रायश्चित्तकाळ आला की आपण काहीतरी सोडायचे ठरवतो. कोणी मटण सोडतो, कोणी चहातली साखर. पण घरभेटीला गेलो की माता-भगिनी हळूच सांगतात, "फादर, यांना एकदा तंबाखू सोडायला सांगा."

आधी आमचीच कबुली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही इच्छास्वातंत्र्यावर निबंध लिहिला, गुणही चांगले मिळाले. त्याच संध्याकाळी टपरीवर जाऊन सिगारेट ओढली. माणूस स्वतंत्र आहे हे कागदावर सिद्ध झाले, पायांनी मात्र ऐकले नाही. चांगले करावेसे वाटते पण हातून घडत नाही, अशी कबुली संत पौलानेही दिली आहे. पुढे ती सवय सुटली ती जेवणानंतर टपरीऐवजी चॅपेलकडे वळू लागल्यावर.

डब्लिनचे मजूर मॅट टॅलबट लहान वयातच दारूच्या आहारी गेले होते. १८८४ साली त्यांनी दारू सोडली तेव्हा एकदम जन्मभराचे वचन दिले नाही. आधी तीन महिन्यांचे दिले. ते पाळल्यावर सहा महिन्यांचे आणि मग आयुष्यभराचे. मोह टाळण्यासाठी ते खिशात पैसे ठेवीत नसत. काम सुटल्यावर गुत्त्याऐवजी देवळात जात. नंतर त्यांनी तंबाखूही सोडली. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले.

देवाची कृपा आपल्या प्रयत्नांची जागा घेत नाही, त्यांना बळ देते. निश्चयाला छोट्या सवयींचे कुंपण लागते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस वेचताना, सोयाबीन काढताना बांधावर बसले की हात आपोआप चुन्याच्या डबीकडे जातो. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण कायदा आपल्या खिशात हात घालू शकत नाही. ते आपणच करायचे. पुडी, डबी, काडेपेटी घरात व खिशात ठेवू नका. जेवल्याबरोबर चूळ भरा, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका. टपरीचा रस्ता बदला. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात रोझरीचे एक दशक म्हणून होते. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, घरच्यांनी तो समजून घ्यावा. एखाद्या दिवशी चुकलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. गरज वाटल्यास सरकारच्या १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. आणि मुलांना पुडी आणायला कधीही पाठवू नका. हा वारसा त्यांना नको.

तोंडाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका बांधवाला आम्ही शेवटचा परमप्रसाद दिला. तोंड उघडत नव्हते. चमचाभर पाण्यात लहानसा कण भिजवून द्यावा लागला. डोळ्यांतून पाणी वाहत ते खुणेने म्हणाले, मुलांना सांगा.

ते आज आम्ही सांगत आहोत. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि हे मुख प्रभूला स्वीकारण्यासाठी आहे. येत्या रविवारी मिस्साला येताना खिशातली पुडी अर्पणाच्या टोपलीत टाका. जन्मभराचे वचन नको, पास्काच्या सणापर्यंतचे द्या. पुढचे पुढे पाहू.

प्रभू आपणास बळ देवो.

आपले धर्मगुरू