हालणारा आरसा

मोटारसायकलीचा आरसा उभ्या गाडीवर अगदीं नीट असतो. पण गाडी वेगानें धांवूं लागली म्हणजे तो हळूहळू फिरतो, आणि मागचा रस्ता दाखवावयाचें सोडून आकाश किंवा चालविणाराचाच खांदा दाखवूं लागतो. पुष्कळ जण एका हातानें तो सारखा करितात व पुढें जातात. दोष लहान आहे, असें सर्व म्हणतात. परंतु ह्यांत नीतीचा एक प्रश्न आहे, त्याचा विचार आम्ही येथें करूं: ज्या दोषानें अद्याप कोणाचें नुकसान झालें नाहीं, तो ठाऊक असून तसाच राहूं देणें हा अपराध आहे काय?

प्रथम कारण पाहूं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशी 40 किलोमीटर वेगास आरशावर जो दाब पडतो, त्याच्या चौपट 80 वेगास पडतो. त्यांत इंजिनाचे हादरे व रस्त्यांतील खड्डे यांची भर. शिवाय डावीकडील आरशाचा आटा नेहमींचा सुलट असला, तर वारा त्याला सैल होण्याच्याच दिशेस रेटतो. तेव्हां उभ्या गाडीवर घट्ट लागणारा आरसा वेगांतही घट्ट राहील, असें म्हणतां येत नाहीं. स्वस्थपणांत घेतलेली परीक्षा स्वस्थपणापुरतीच खरी.

सन 1911 मध्यें अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें 500 मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत मागें नजर ठेवण्यास एक सोबती असे. रे हॅरून हा एकटाच होता. प्रतिस्पर्ध्यांनीं हरकत घेतली, म्हणून त्यानें गाडीवर आरसा बसविला, आणि तो शर्यत जिंकला. पण विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता कीं, त्यांत कांहींच दिसत नव्हतें, असें त्यानेंच पुढें सांगितलें. लोकांची हरकत मिटली. धोका मात्र होता तेथेंच राहिला. आरसा असणें व आरशांत दिसणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

कोणी म्हणेल, “मान वळवून पाहिलें म्हणजे झालें.” मान वळविणें अवश्यच आहे, कारण चांगल्या आरशांतही सर्व दिसत नाहीं. परंतु ज्याला आरसा नाहीं, त्याला आपणांस दिसत नाहीं हें ठाऊक असतें. ज्याचा आरसा फिरला आहे, तो रस्ता मोकळा आहे असें समजून वळतो. आणि धांवत्या गाडीवर आरसा सारखा करावा, तर ताशी 60 किलोमीटर वेगानें दोन सेकंदांत सुमारें 33 मीटर रस्ता न पाहतांच मागें जातो.

दुसरा म्हणेल, “आजवर कांहीं झालें नाहीं.” खरें, पण तें कोणामुळें? मागून येणारानें वेळींच ब्रेक दाबला म्हणून. आम्ही आपली सावधगिरी वांचविली व त्याची खर्च केली. नुकसान झालें नसलें, तरी त्याचें ऋण आम्हांवर आहेच. म्हणून आमचें उत्तर असें कीं, ज्यास दोष ठाऊक नाहीं त्यास तो सांगावा. पण ज्यास ठाऊक आहे तो अपराधी आहे, आणि उपाय जितका सोपा तितकी सबब थोडी.

उपाय तर सोपाच आहे. दांडी न हालतां नुसता आरसा फिरत असेल, तर पाठीमागील सांधा सैल आहे. तेथें स्क्रू असल्यास आवळावा, नसल्यास आरसा बदलावा. दांडीसकट फिरत असेल, तर बुडाची रबरी टोपी वर सारावी, नट सैल करावा, आरसा योग्य दिशेस ठेवावा, आणि एका पान्यानें दांडी धरून दुसऱ्यानें नट खालीं आवळावा. यामाहाच्या पुष्कळ गाड्यांवर उजव्या आरशाचा आटा उलटा असतो, हें ध्यानांत असावें. फार जोर केल्यास आटे जातात. नंतर मोकळ्या रस्त्यावर थोडें अंतर जाऊन, गाडी थांबवून, आरसा पुनः पाहावा.

इतकें केल्यानें मागून येणारास आमची ओळखही होणार नाहीं. परंतु जो आपणांस कधीं ओळखणार नाहीं, त्याच्याविषयींचें कर्तव्यही कर्तव्यच आहे.