गुन्हा माणसांत कीं घरांत?

“शहरांत चोर फार,” असें आपल्या खेड्यांतून नेहमीं ऐकूं येतें, आणि लागलीच जोडीला दुसरें वाक्य येतें, “तीं माणसेंच तसलीं.” हीं वाक्यें सहज बोललीं जातात, पण त्यांच्या आड एक गंभीर प्रश्न आहे. मनुष्य गुन्हा करतो तो आपल्या स्वभावानें, कीं ज्या जागेंत तो राहतो तिच्या योगानें? याचें उत्तर आपण जसें देऊं तसे कायदे होतात, व तसेंच शेजाऱ्याशीं आपलें वर्तन होतें. म्हणून हा विचार आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिलें उत्तर असें कीं, गुन्हा रक्तांत असतो. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं याच समजुतीवर गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढें या कायद्याखालीं सोलापुरास सेटलमेंट उभी राहिली व तिचा कारभार बरींच वर्षें अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तेथें शाळा होती, राहावयास जागा होती, गिरणींत काम मिळे. चालविणाऱ्यांचा हेतु सुधारणेचा होता, हें नाकारतां येत नाहीं. तथापि भोंवतीं तारेचें कुंपण होतें, हजेरी द्यावी लागे, आणि ज्यानें कधीं कोणाची सुईही उचलली नाहीं असें मूल केवळ जन्मामुळें संशयित ठरे. घर मिळालें, पण विश्वास मिळाला नाहीं. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं देशभर रद्द झाला. कुंपण गेलें, परंतु संशय गेला नाहीं. आजही गांवांत चोरी झाली म्हणजे पहिलें बोट पारध्याच्या पालाकडे वळतें, हें वाचकांस सांगावयास नको.

दुसरें उत्तर असें कीं, सारा दोष घराचा. घर बदला म्हणजे मनुष्य बदलेल. मुंबईस १८९६ सालीं प्लेग आला, तेव्हां दाट वस्ती मोडून नवी रचना करण्यासाठीं १८९८ च्या कायद्यानें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें बी. डी. डी.च्या २०७ चाळी बांधल्या गेल्या. एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची व शौचकूप सामाईक. तरी तेथें कामगारांच्या पिढ्या अब्रूनें राहिल्या. जागा लहान म्हणून मनुष्य चोर होतो असें असतें, तर त्या चाळींत एकही प्रामाणिक घर सांपडतें ना.

मग चांगल्या घराची गरजच नाहीं काय? असें म्हणणें निर्दयपणाचें होईल. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखालीं पात्र कुटुंबास फुकट घर देण्यांत येऊं लागलें. आरंभीं २२५ चौरस फूट, पुढें २६९ व नंतर ३००. स्वतःचें दार व घरांत नळ मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. रात्रीं सार्वजनिक शौचकूपाकडे एकटीनें जाणाऱ्या मुलीच्या आईस त्याचें मोल विचारावें. परंतु केवळ चौरस फूट मोजून घर होत नाहीं. मुंबईंतील लल्लूभाई कंपाऊंड व नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळ बांधल्या कीं खालच्या मजल्यांस ऊन-वारा नीट पोहोंचत नाहीं. २०१८ सालच्या पाहणींत तेथील क्षयरोगाचा या गोष्टीशीं संबंध आढळला. जेथें ऊन शिरत नाहीं तेथें शेजाऱ्याची नजरही शिरत नाहीं. काळोख्या जिन्यावर, कोणी कोणास ओळखत नाहीं अशा ठिकाणीं, दुष्टास धीर येतो व सज्जन दार लावून घेतो.

येथें कोणी म्हणेल, “म्हणजे चोराचा दोष आपण भिंतींवर घालतां!” तसें नाहीं. ज्या गल्लींत चोर राहतो त्याच गल्लींत बहुधा ज्याचें चोरीस जातें तोही राहतो. दोघांची खोली सारखी, दोघांची भूक सारखी. एकानें हात आंखडला, दुसऱ्यानें घातला. गरिबीची सबब सांगून चोरास सोडणें म्हणजे त्या प्रामाणिक गरिबाचा अपमान करणें होय. यास्तव आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवितों: कृत्याचा दोष करणाऱ्याचा, पण ज्या काळोखांत तें कृत्य सोपें झालें तो काळोख दूर करण्याचें कर्तव्य सर्वांचें. पहिली गोष्ट विसरली कीं न्याय बुडतो. दुसरी विसरली कीं कुंपण उभें राहतें.

हें काम केवळ सरकारचें नाहीं. आपल्या मंडळींतील पुष्कळांचीं मुलें पोटासाठीं शहरास जातात. त्यांना भाड्याबरोबर शेजाराचीही चौकशी करावयास सांगा. आणि आपल्या गांवाबाहेर पाल पडलें, तर चोरी होण्यापूर्वींच तेथें जाऊन त्या माणसांचीं नांवें विचारून घ्या. ज्याचें नांव आपणांस ठाऊक आहे, त्याला “तसला” म्हणणें कठीण जातें.