अतिभार

दिवाळी संपली आणि माझी भाची पेडण्याहून डिचोलीला आली ती तीन कागद घेऊनच. ती मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे. रोज दुसऱ्यांना उडताना बघते, म्हणून आता तिलाही कुठेतरी जायचं होतं. कुठे, तर एव्हरेस्टच्या तळछावणीला, एप्रिल महिन्यात. तिचं घर हरमलच्या किनाऱ्यापासून फार लांब नाही, म्हणजे राहणं जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, आणि जायचं ५,३६४ मीटरांवर. तीन कंपन्यांचे दर तिने छापून आणले होते. पहिल्या आणि तिसऱ्या कंपनीच्या दरात माणशी चौदा हजारांचा फरक होता.

"मावशी, तूही चल," ती म्हणाली. "आणि यातली कुठली घ्यायची ते तू ठरव. तुझा हिशेब पक्का असतो."

हिशेब पक्का असतो हे खरं. आम्ही बेळगावकडचे जैन, आजोबांच्या वेळेपासून डिचोलीच्या बाजारात दुकान. वस्तू स्वस्त मिळाली की ती स्वस्त का, हे विचारायची आम्हाला लहानपणापासून सवय. एकतर माल कमी असतो, नाहीतर माप कमी असतं, नाहीतर कुणाची तरी मजुरी कमी असते. डोंगरावर तर माल नसतोच. तंबू, जेवण, विमानाचं तिकीट सगळ्यांचं सारखंच. मग हे चौदा हजार आले कुठून?

कागद पुन्हा वाचले तेव्हा थोडं उलगडलं. स्वस्त कंपनीचे दिवस दोनने कमी होते. लुक्ला २,८६० मीटरांवर आहे, नामचे ३,४४० वर. ३,००० मीटरांच्या वर गेलं की रोजची झोपायची जागा साधारण पाचशे मीटरांपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. स्वस्त कंपनीने नेमके हे थांबायचे दिवस उडवले होते. थांबलेल्या दिवशीही माणसांना जेवण आणि मजुरी द्यावी लागते ना! एवढं माझ्या दुकानदारी बुद्धीला लगेच कळलं. पण हे दोन दिवस धरूनही हिशेब जुळेना. उरलेला फरक कागदावर कुठेच लिहिलेला नव्हता. तो कुणाच्या तरी पाठीवर असणार.

इथे मला शिखरजी आठवलं.

पस्तीसेक वर्षं झाली. आईला घेऊन आम्ही सगळे सम्मेद शिखरजीला गेलो होतो. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. चढ, वरची सगळी टोकं आणि उतार मिळून वाट सत्तावीस किलोमीटरची. आईचे गुडघे गेलेले, म्हणून डोली ठरवली. पहाटे तीनच्या अंधारात आईला वजनकाट्यावर उभं केलं आणि वजनावर दर सांगितला. काकांनी घासाघीस करून तो उतरवला. आम्ही सगळे खूश झालो, मीसुद्धा. डोलीचे दोघे आमच्या पुढे निघाले. अर्ध्या वाटेवर एका टपरीपाशी ते थांबले आणि त्यातला म्हातारा चहा-बिस्किटासाठी थोडे पैसे मागू लागला. काका म्हणाले, "हा पर्वत पवित्र आहे. आम्ही वर काही खात नाही. खाली उतरल्यावर घ्या." म्हातारा काही बोलला नाही. त्याने खांद्यावरचं फडकं पलटी केलं आणि दांडा पुन्हा उचलला.

त्या दिवशी आमचे सगळ्यांचे उपवास होते आणि आम्हाला त्याचं समाधानही होतं. त्याचा उपवास मात्र आम्ही घडवला होता.

पुढे कधीतरी तत्त्वार्थसूत्राचा स्वाध्याय चालू असताना अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार समोर आले. अतिचार म्हणजे व्रत मोडलं नाही असं वाटत असताना त्याला पडलेली भेग. बांधून ठेवणं, मारणं, अवयव तोडणं ही तीन मी सहज ओलांडली, आपण कुठे असलं करतो! चौथा अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझं लादणं. पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे खाणंपिणं अडवणं. मी पुस्तक मिटलं. शिखरजीच्या एका पहाटेत दोन्ही झाले होते, आणि हातात जपमाळ होती.

हे अतिचार समजावताना बहुतेक वेळा बैलाचं नाहीतर घोड्याचं उदाहरण देतात. ऐकणाऱ्याला ते सोयीचं पडतं, कारण त्याच्याकडे बैल नसतो. आमच्या डिचोलीत मात्र दुसरं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खनिजाचे ट्रक दारावरून धावायचे. फेऱ्यांवर पैसे, म्हणून जास्त भरायचं आणि जोरात हाणायचं. रस्ता खचला, भिंतींवर लाल धूळ बसली, कुणाकुणाची पोरं चाकाखाली गेली. आम्ही ट्रकवाल्याला शिव्या दिल्या. त्याला फेरीमागे किती मिळतात आणि तो दर कोण ठरवतं, हे आम्ही विचारलं नाही. आमच्या दुकानाची उधारी त्याच पैशांतून फिटत होती.

जैन विचारात कर्म तीन वाटांनी लागतं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि कुणी करत असेल त्याला मनाने मान्यता देणं. कृत, कारित, अनुमोदित. आजच्या जगात आपलं बहुतेक जगणं दुसऱ्या वाटेवरचं आहे. आपण स्वतः कुणावर ओझं टाकत नाही, फक्त तीन कागदांतला स्वस्त कागद निवडतो. ओझं टाकणारा दुसराच कुणी असतो आणि तो नेपाळात असतो. म्हणून कंपनी निवडणं हा खरेदीचा प्रश्न आहे असं मला वाटेना. माझ्या वतीने कोण काय सोसणार, हे मी तिथे ठरवत असते.

भाचीला हे सगळं ऐकवलं तर ती म्हणाली, "मग पोर्टर नकोच घेऊया. आपली पाठ, आपली सॅक. युथ हॉस्टेलच्या ट्रेकला सगळे तसंच करतात."

बोलणं चोख होतं. आणि जैन मनाला ते फार भावतं, कारण आपल्याकडे सोडून देणं हे नेहमीच शुद्ध वाटतं. पण मला तो डोलीवाला म्हातारा आठवला. आईला डोलीत न बसवता आम्ही खालीच ठेवलं असतं, तर त्याच्या खांद्याला विश्रांती मिळाली असती आणि त्याच्या घरची चूल थंड राहिली असती. खुंबूच्या खोऱ्यात आणि त्याच्या खालच्या गावांत कित्येक घरं ट्रेकच्या हंगामावर चालतात. मी माझे हात स्वच्छ ठेवायचे आणि त्याची किंमत त्याच्या पोरांनी मोजायची, हीही हिंसाच झाली. त्यागाच्या पाटावर बसल्यामुळे ती दिसत नाही एवढंच. व्रताचा शब्दही नीट पाहा. तो भार म्हणत नाही, अतिभार म्हणतो. ओझं देऊच नका असं त्यात नाही. किती, हे विचारा असं आहे.

म्हणून आम्ही विचारायचं ठरवलं. तिन्ही कंपन्यांना फोन करून एकच प्रश्न: तुमचा पोर्टर किती किलो उचलतो?

पहिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला काहीच उचलावं लागणार नाही." प्रश्न माझ्याबद्दल नव्हताच, हे त्याला कळलंही नाही. दुसरा म्हणाला, "नियमाप्रमाणे तीस." नेपाळात ट्रेकच्या पोर्टरसाठी तीस किलोंची मर्यादा सांगतात ती खरी. किलिमांजारोवर ती वीसची आहे. माणूस तोच, पाठ तीच, देश बदलला की दहा किलो वाढतात. तिसरीकडे एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "दोन पाहुण्यांमागे एक पोर्टर. तुमची बॅग दहा किलो, लुक्लाला वजन करणार. जास्त भरलं तर तिथेच ठेवून जायचं. पोर्टरचा विमा आहे. गरम कपडे, बूट आम्ही देतो. तो आजारी पडला तर एकट्याला खाली पाठवत नाही, सोबत माणूस देतो. आणि गाइडने परत फिरा म्हटलं की फिरायचं. त्याचे पैसे परत मिळत नाहीत."

"सूर बघ हिचा," भाची म्हणाली. "पैसे आपण द्यायचे आणि वर हिचंच ऐकायचं."

पण मला त्या शेवटच्या वाक्यात कंपनीची खरी परीक्षा दिसली. पैसे घेणारा पैसे देणाऱ्याला नाही म्हणू शकतो का? १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एका वादळात आठ माणसं गेली. त्यांत न्यूझीलंडचा रॉब हॉल होता, अतिशय जाणता वाटाड्या. आदल्या वर्षी त्याने डग हॅन्सन नावाच्या आपल्या एका ग्राहकाला शिखर जवळ आलेलं असताना मागे फिरवलं होतं. तोच माणूस दुसऱ्या वर्षी पुन्हा आला. दुपारी दोनच्या सुमाराला परत फिरायची वेळ उलटून गेली, चार वाजले, तरी या खेपेला हॉलने त्याला माथ्यावर जाऊ दिलं. दोघेही परतले नाहीत. त्याच्या मनात काय होतं हे कुणी सांगू शकत नाही. पण एका माणसाला दोनदा नाही म्हणणं किती जड असतं, हे दुकानात बसणाऱ्या माणसाला समजतं. अतिभार पाठीवरच असतो असं नाही. ग्राहकाची इच्छा हाही भारच, आणि पैसे देणारा तो नकळत लादत असतो.

आम्ही तिसरी कंपनी घेतली. चौदा हजार जास्त दिले. आता आपण निर्मळ झालो असं मला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्या बाईंनी विचारलं, "जेवणाचं काही?"

मी माझी यादी सांगितली. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा काही नाही. सूर्यास्तानंतर जेवण नाही. पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, "वर बटाटाच असतो हो. तिथे मुख्यतः तोच पिकतो. बाकीची भाजी खालून पाठीवर न्यावी लागेल."

पाठीवर! माझं व्रत माझ्या ताटात कसं दिसतं ते मी रोज बघते. त्याचं वजन किलोत किती होतं, हे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं होतं. जमिनीतला जीव वाचवायला मी बटाटा सोडला, आणि त्याच्या जागी कुणीतरी कोबी घेऊन चार हजार मीटरांच्या वर चढायचं. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. बटाटा खाईन असं म्हणायला जीभ वळेना. शेवटी ठरवलं की व्रत माझं तर त्याचं ओझंही माझंच. मुगाची डाळ, मेतकूट, भाजलेले पोहे, उन्हात वाळवलेली मेथी आणि गवार. दहा किलोंच्या आत बसेल एवढंच, आणि ते माझ्या पाठीवरच्या पिशवीत. गरम पाणी तेवढं तिथलं. हे उत्तर पूर्ण नाही, मला माहीत आहे. ते पाणी उकळायलाही इंधन लागतं आणि तेही कुणीतरी वर आणलेलं असतं. पण निदान वजन कुठे आहे ते मला दिसतं.

मग त्यांचा वैद्यकीय अर्ज आला. मी खरं लिहिलं. वय ६१, आठ महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट. चार दिवसांनी फोन आला. "मावशी, तुम्हाला आम्ही नामचेपर्यंतच नेऊ. त्याच्या वर नाही. तेसुद्धा तुमच्या डॉक्टरांचं लेखी पत्र असेल तर. तळछावणी या वर्षी नको."

आधी माझा संताप झाला. चौदा हजार जास्त दिले ते हे ऐकायला? आणि खरं सांगते, लपवून काय उपयोग, माझा हात टेबलावरच्या पहिल्या कागदाकडे गेला. तो माणूस काही विचारणार नव्हता. त्याने मला गोरक्षेपपर्यंत हसत हसत नेलं असतं, आणि वर काही झालं असतं तर मला पाठीवर घेऊन खाली उतरणारा त्याच्याकडचा सगळ्यांत कमी मजुरीचा पोरगा असता. माझं वजन ६८ किलो आहे.

मी कागद खाली ठेवला. भाची बघत होती.

"काय करूया मावशी?"

"तू जा वरपर्यंत," मी म्हटलं. "मी नामचेला थांबते."

ती चार दिवस आमच्याकडे राहिली. जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दुकानातला काटा घरी आणला आणि तिची बॅग त्यावर ठेवली. साडेतेरा भरली. मग दोघी जमिनीवर बसलो आणि एकेक वस्तू काढायला लागलो.