पाच मिनिटांचा न्याय

अमेरिकेत नोकरी गेली की काही आठवडे बेकारीभत्ता मिळतो. नाकारला तर अपील. आणि अपील म्हटलं की फायलींचा ढीग आलाच. नेवाडा राज्याने 2024 मध्ये त्यावर गूगलचं यंत्र आणायचं ठरवलं. सुनावणीचा मजकूर वाचून निकालाचा मसुदा यंत्रानेच लिहायचा, माणसाने तपासून मान्य करायचा. काही तासांचं काम म्हणे पाच मिनिटांत!

आता तपासणं म्हणजे काय, ते आम्हा बँकवाल्यांना विचारा. व्हाउचर एकाने लिहायचं, दुसऱ्याने पडताळायचं, ही आमची पद्धत. पण लोकल गाठायची असली की दुसरा सहीची जागा तेवढी तपासतो.

मिशिगनमध्ये 2013 ते 2015 याच भत्त्याच्या खात्यातलं यंत्र परस्पर लोकांना लबाड ठरवत होतं. असे 22,427 निकाल पुन्हा पाहिले, तर 93 टक्के चुकीचे! तिथे मधे माणूसच नव्हता. नेवाडात आहे, हे खरं. पण पाच मिनिटांत चहा धड उकळत नाही, अख्खी सुनावणी कधी वाचायची? उद्या अपीलवाल्याने विचारलं, ‘साहेब, माझं म्हणणं वाचलंत ना?’ तर साहेबांनी काय सांगायचं?