यादीबाहेरचे शिक्षण

अमेरिकेतील अनेक महाविद्यालये परदेशातील शिक्षणक्रमांची एक मान्य यादी ठेवतात. यादीतल्या संस्थेत सत्र काढले तर तिथले क्रेडिट पदवीत धरले जाते. यादीबाहेरच्या ठिकाणी जायचे असेल तर समितीकडे विनंतीअर्ज करावा लागतो. मान्य शिक्षणक्रमांपैकी एकही आपल्याला का पुरत नाही, तिथला अभ्यासक्रम कोणता, शिकवणारे कोण, आपल्या मुख्य विषयाशी त्याचा संबंध काय, हे सारे त्यात मांडायचे असते आणि बहुधा प्राध्यापकाचे शिफारसपत्रही जोडायचे असते. ही सगळी कार्यालयीन बाब वाटते, पण तिच्या मुळाशी नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. नियम सर्वांना सारखा असेल, तर एकासाठी तो बाजूला ठेवणे न्याय्य कसे ठरते? माझे म्हणणे असे की कारणे देऊन मागितलेला अपवाद नियमाला कमकुवत करत नाही. नियम कशासाठी केला होता, हे पुन्हा तपासायला तो भाग पाडतो. म्हणूनच असा अर्ज नीट ऐकणे ही महाविद्यालयाची मेहेरबानी नसून त्याचे कर्तव्य आहे.

ॲरिस्टॉटलने ‘निकोमखीय नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात हे तत्त्व मांडले आहे. कायदा सामान्य भाषेत बोलतो, आयुष्यातले प्रसंग मात्र विशिष्ट असतात. त्यामुळे जिथे कायद्याचे शब्द अपुरे पडतात तिथे, कायदा करणारा स्वतः हजर असता तर त्याने काय ठरवले असते, असा विचार करून निर्णय द्यावा. आपल्याकडचे वैयाकरण वेगळ्या वाटेने याच्या जवळ पोहोचले. त्यांच्या शास्त्रात अपवाद हा सामान्य नियमापेक्षा बलवान, कारण तिथेही सामान्य नियमच चालवला तर अपवादाला कुठेच जागा उरत नाही. दोन्ही परंपरांनी अपवादाला व्यवस्थेच्या आतच स्थान दिले. मान्य यादीचा हेतू विचारला तर उत्तर सरळ आहे: शिक्षणाचा दर्जा टिकावा, विद्यार्थी सुरक्षित राहावा, पदवीची किंमत घसरू नये. यादीबाहेरचा एखादा शिक्षणक्रम हे तिन्ही हेतू पुरे करत असेल, तर ‘तो यादीत नाही’ एवढ्यावर दिलेला नकार नियमाचे शब्द पाळतो आणि त्याचे प्रयोजन सोडून देतो.

शिवाय यादी ही काही ज्ञानाची सीमारेषा नव्हे. तिलाही इतिहास आहे. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड यांच्याबरोबर फ्रान्सला गेले, तेव्हा पदवीचे तिसरे वर्ष परदेशात काढून ते पदवीत धरणे हाच अपवाद होता. खासगी देणग्यांच्या आधाराने तो प्रयोग उभा राहिला. १९२५ मध्ये स्मिथ महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थिनी फ्रान्सला पाठवल्या आणि पुढे त्याची प्रथा झाली. आजच्या मान्य याद्या त्याच प्रयोगाच्या वारसदार आहेत. यादी नेहमी केवळ शैक्षणिक निकषांवरच ठरते, असेही गृहीत धरता येत नाही. विद्यापीठे आणि परदेशी शिक्षणक्रम चालवणाऱ्या संस्था यांच्यातील आर्थिक संबंधांची चौकशी न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी २००७ मध्ये सुरू केली होती. यावरून सगळ्या याद्या दूषित ठरत नाहीत, पण यादी माणसांनी केलेली असते आणि म्हणून तिला प्रश्न विचारता आले पाहिजेत, एवढे नक्की ठरते.

कारणे ऐकून दिलेला निर्णय आणि नुसता हुकूम यांतला फरक १८८८ च्या एका घटनेत स्पष्ट दिसतो. मोहनदास गांधी कायदा शिकायला विलायतेला निघाले तेव्हा त्यांच्या आईला धर्मभ्रष्टतेची भीती होती. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली आणि आईने परवानगी दिली. तिच्या मनाईमागचा हेतू दुसऱ्या मार्गाने राखला गेला. याउलट मुंबईत जातीच्या सभेने त्यांना बोलावून विलायतेला जायला मनाई केली आणि ते ऐकेनात तेव्हा बहिष्कृत केले. त्यांना मदत करणाऱ्याला किंवा निरोप द्यायला बंदरावर जाणाऱ्याला सव्वा रुपया दंडही ठरवला. बंदीमागची काळजी आईलाही होती आणि सभेलाही होती. ती कशाने दूर होईल, हे फक्त आईच्या बाजूने पाहिले गेले.

यावर पहिला आक्षेप असा की एकाला सूट दिली तर सगळेच मागतील. मागू देत. ज्यांची कारणे तितकीच भक्कम असतील त्या सर्वांना सूट मिळणे हाच न्याय आहे, आणि असे अर्ज वाढत गेले तर यादी बदलण्याची वेळ आली आहे, असे समजावे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. जगभरची प्रत्येक संस्था तपासणे महाविद्यालयाला शक्य नसते आणि काही विपरीत घडले तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून पुराव्याचा भार अर्जदाराने उचलावा, हे योग्यच आहे. मात्र कोणती शंका उरली आहे हे महाविद्यालयाने लेखी सांगितले पाहिजे, नाहीतर तो भार उचलायचा कसा, हेच अर्जदाराला कळणार नाही. युद्धग्रस्त प्रदेशात जाण्याला नकार देणे आणि अपरिचित विद्यापीठाला नकार देणे, या दोन्हींची कारणे एक नाहीत. ती एकाच शिक्क्याखाली झाकू नयेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांची प्राध्यापकांशी ओळख आहे, त्यांनाच अपवादाचा लाभ होतो, मग समानता कुठे राहिली? धोका खरा आहे, पण दार बंद केल्याने तो टळत नाही. अमेरिकेत परदेशी शिक्षणासाठी सरकारी अर्थसाहाय्य मिळायचे तर तो शिक्षणक्रम आपल्या महाविद्यालयाने क्रेडिटसाठी मान्य केलेला असावा लागतो. नकार मिळाला तर श्रीमंत विद्यार्थी रजा घेऊन, पदरचे पैसे भरून जाऊ शकतो. गरीब विद्यार्थ्याची वाट तिथेच संपते. परवानगीचे मोल साधने नसलेल्याला सर्वाधिक असते, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणातही दिसते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची मुभा त्यांना मिळाली होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. खंड पडल्याने त्यांच्या पदवीचा कस जराही उतरला नाही. तेव्हा विषमतेवरचा उपाय निकष जाहीर करणे, अर्ज लिहायला सर्वांना सारखे मार्गदर्शन देणे आणि दिलेले निर्णय पुढच्या अर्जदारांना पाहता येतील असे ठेवणे, हा आहे.

अर्जदारावरही याची जबाबदारी येते. ‘मला तिथे जावेसे वाटते’ एवढे पुरेसे नाही. तिथे असे काय शिकायला मिळेल जे यादीतल्या कुठल्याही ठिकाणी मिळणार नाही, हे त्याने आधी स्वतःला पटवले पाहिजे. इतक्या कसोटीने आपल्या शिक्षणाचे प्रयोजन मांडणारा विद्यार्थी, मान्य यादीवर नुसती खूण करणाऱ्यापेक्षा, महाविद्यालयाने शिकवू पाहिलेल्या गोष्टीच्या अधिक जवळ पोहोचलेला असतो. विचार करायला शिकवण्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेने त्याला होकार द्यावा किंवा नकार, पण उत्तर विचाराने द्यावे आणि त्या विचाराची कारणे त्याच्या हाती ठेवावीत.